मे महिन्यातली दिवाळी

सीताबर्डीच्या मागच्या अंगाला एक हायस्कूल होतं. तिथे खरं राज्य कोणाचं चालतं हे हेडबाईंना विचारून उपयोग नव्हता, पोरांना विचारावं लागे. हेडबाई, म्हणजे इंदुताई, रागावल्या की पोरं मान खाली घालून हसत. कौसल्याबाई नुसत्या जिन्याच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या की तेच हसणं गिळून टाकत. कौसल्याबाई शेंडे शाळेच्या शिपाई. चोवीस वर्षांची नोकरी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, पन्नाशीची सडसडीत बाई. कोणत्या बाकाचा पाय डुगडुगतो, कोणता मास्तर घंटा झाल्यावर पाच मिनिटांनी वर्गात शिरतो, आणि कोणत्या पोराच्या डब्यात रोज नुसती कोरडी पोळी असते, हे सगळं त्यांना ठाऊक. त्या शेवटच्या पोरांना मधल्या सुट्टीत काहीतरी काम सांगायचं निमित्त करून त्या बोलावून घेत आणि लोणच्याची फोड देत. कोणी आभार मानलेच तर त्याच्यावर खेकसत.

अशा या बाईंना शौक म्हणाल तर एकच, टीव्हीवरच्या 'नौवीं फ' या मालिकेचा. रविवारी सकाळी लागायची. नववीच्या फ तुकडीतली सात उनाड पोरंपोरी, त्यांच्या खोड्या, हैराण झालेले मास्तर, आणि अर्ध्या तासाच्या शेवटी सगळं गोड. इंदोरा वस्तीत कौसल्याबाईंच्या गल्लीत मंडळाचं सभागृह होतं, तिथे टीव्ही होता, आणि पहिल्या रांगेतली भिंतीकडची जागा त्यांचीच. मालिका आवडायची तेवढाच तिच्यावर रागही होता. त्यात एक शिपाई दाखवलेला, तो सदा स्टुलावर झोपलेला असायचा आणि उठला की बादलीला अडखळून पडायचा. लोक पोट धरून हसायचे. चोवीस वर्षांत आपण एकदाही बादलीला अडखळलो नाही, हे कौसल्याबाई शेजारच्या शोभाताईंना दर रविवारी नव्याने ऐकवत, आणि शोभाताई दर रविवारी मान डोलवत.

तर पंच्याऐंशी सालच्या मे महिन्यात ही 'नौवीं फ' सगळीच्या सगळी नागपुरात येऊन उतरली, आणि तीही कौसल्याबाईंच्या शाळेत.

झालं असं, की दिवाळीच्या सुट्टीत टीव्हीवर दाखवायला म्हणून मालिकेवाले दोन तासांचा सिनेमा काढत होते. गोष्ट साधीच. नौवीं फ ची पोरं सहलीसाठी दिल्लीहून मद्रासला निघतात, नागपूर स्टेशनवर संत्री घ्यायला उतरतात, आणि गाडी सुटून जाते. मास्तर गाडीत, पोरं फलाटावर, आणि नेमकी दिवाळीची संध्याकाळ. मग ती एका बंद शाळेच्या आसऱ्याला जातात आणि तिथली म्हातारी शिपाईबाई त्यांना आत घेते. शाळा रिकामी मिळावी म्हणून उन्हाळ्याची सुट्टी निवडलेली. मुंबईत बसून हा बेत ज्याने आखला त्याला नागपूरचा मे महिना काय चीज आहे हे कोणी सांगितलेलं दिसत नाही.

पारा शेहेचाळीसवर. डांबर चपलेला चिकटत होतं. आणि त्या उन्हात सात पोरं स्वेटर-मफलर घालून दात वाजवत उभी, कारण गोष्टीत नोव्हेंबर होता. दर दहा मिनिटांनी त्यांचे स्वेटर ओढून काढायचे, त्यांना कुलरपुढे उभं करायचं, आणि घाम टिपून पुन्हा चढवायचे. संत्र्यांचा घोळ त्याहून मोठा. मे महिन्यात संत्री कुठून आणणार? शेवटी हिरव्या मोसंब्यांना नारिंगी रंग फासून त्या टोपलीत रचल्या. स्टेशनवरच्या एका हमालाने त्यातली एक सोलून पाहिली, तर त्याची बोटं दोन दिवस नारिंगी राहिली. कुलुपं उघडायला आणि पाणीबिणी बघायला इंदुताईंनी कौसल्याबाईंना सुट्टीतून बोलावून घेतलं होतं. कौसल्याबाईंनी पहिल्याच सकाळी सातही पोरांच्या खिशात एकेक कांदा कोंबला, ऊन लागू नये म्हणून. दिल्ली-मुंबईकडची पोरं ती, पण बाईंचा चेहरा पाहून कोणी नाही म्हणालं नाही.

शिपाईबाईचं काम करायला मुंबईहून एक नटी आली होती. तिने मात्र कांदा परत केला. दुपारी दोनच्या सुमाराला ती चक्कर येऊन पडली, दोन बाटल्या सलाईन लागलं, आणि दुसऱ्या दिवशीच्या मेलने ती परत गेली. सिनेमाचा दिग्दर्शक म्हणजे एक तरुण माणूस होता. डोक्यावर कायम पांढरी टोपी, म्हणून कौसल्याबाई त्याला टोपीवाले साहेब म्हणत. तो डोक्याला हात लावून व्हरांड्यात बसला होता. तेवढ्यात नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून काळ्या वायरी ओढत नेल्या म्हणून कौसल्याबाईंनी दोन दिवेवाल्यांना फैलावर घेतलं. ते चांगलं पाच मिनिटं चाललं. साहेब ऐकत राहिला, मग त्याने चारुशीलेला हाक मारली. ही त्याची मदतनीस, पुण्याची मुलगी, बोलणी करायला हाताशी ठेवलेली. कौसल्याबाईंकडे बोट दाखवून तो तिला म्हणाला, आपली बाई ही आहे.

कौसल्याबाईंना आनंद झाला, पण घरी बाबांना विचारल्याशिवाय त्या हो म्हणणार नव्हत्या. बाबा म्हणजे रामाजी खोब्रागडे, वय अठ्ठ्याहत्तर, कापडगिरणीतून निवृत्त. कौसल्याबाईंचा नवरा वारल्यापासून लेकीकडेच राहत होते. छप्पन्न साली दीक्षा घेऊन आल्यावर त्याच आठवड्यात त्यांनी घरातले देव फडक्यात बांधले आणि सायकलवरून जाऊन कन्हान नदीत सोडून आले. मागे कॅरिअरवर एकवीस वर्षांची कौसल्या बसली होती, मांडीवर ते गाठोडं घेऊन. नदीच्या काठावर बाबांनी तिच्याकडून एकच कबूल करून घेतलं, की आता हे हात ज्याला आपलं मन मानत नाही त्याच्यापुढे जोडायचे नाहीत. स्वतः बाबा या बाबतीत इतके पक्के, की वस्तीबाहेरचा कोणी ओळखीचा 'प्रसाद घ्या' म्हणून लाडू पुढे करी तेव्हा ते नको म्हणत, आणि तोच 'लाडू घ्या' म्हणाला तर दोन घेत.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "कर, माय. पन आपल्याले शोभन असं कर."

कौसल्याबाईंनी काम सुरू केलं तेच दोन अटी घालून. स्टूल नको आणि बादली नको. बादलीला अडखळण्याचा प्रसंग कागदावर होता, आणि तो फार विनोदी आहे असं साहेबाचं म्हणणं होतं. ज्याला विनोदी वाटते त्याने पडून दाखवावं, असं कौसल्याबाईंचं म्हणणं पडलं. चारुशीलेने ते जरा मऊ करून हिंदीत सांगितलं आणि साहेबाने बादली खोडली. बाकी त्यांना शिकवावं असं काही निघालंच नाही. पोरं दार ठोठावतात आणि बाई कंदील घेऊन दार उघडते, हा पहिला प्रसंग. त्यात कौसल्याबाईंनी कॅमेऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, कारण पोरं पायपुसण्याला पाय पुसून आत येतात की नाही इकडे त्यांचं लक्ष होतं.

तिसऱ्या दिवशी हात जोडण्याचा प्रसंग आला. साहेबाने समजावलं, की पोरं सुखरूप आहेत, बाईच्या जिवात जीव आला आहे, आता तिने समोर पाहायचं, डोळे मिटायचे आणि हात जोडायचे. समोर कॅमेरा, आणि त्याच्यामागे वर्गाची कोरी भिंत. समोर काय आहे असं कौसल्याबाईंनी विचारलं. कोणीतरी घाईत म्हणालं, काही नाही, तुम्ही मनात आणा. तेव्हा त्यांनी मनात आणलं ते जे रोज सकाळी आणत तेच. डोळे मिटले, हात जोडले आणि बुद्धवंदना पहिल्यापासून शेवटपर्यंत मनातल्या मनात म्हटली. सासरी दिलेली लेक, तिचा नवरा, नातवंडं, बाबांचे दुखरे गुडघे, समोरची परक्या मुलखातली सात पोरं, सगळ्यांचं भलं मागितलं. डोळे उघडले तर साहेबाने टोपी काढून हातात घेतली होती.

त्या तरंगतच बाहेर आल्या. हंड्यातलं गार पाणी घेतलं, तोंडावर मारलं आणि पेला ठेवायला पुन्हा आत आल्या. पाहतात तो त्याच भिंतीशी एक टेबल मांडलेलं, टेबलावर लक्ष्मीची तसबीर, झेंडूची माळ, दोन समया, आणि कॅमेरा तिच्याकडे तोंड करून उभा. हे काय, असं त्यांनी विचारलं. सामान मांडणारा गडी म्हणाला, आत्ता तुम्ही जिची पूजा केलीत ना, तीच ही. आधी तुमचा चेहरा, मग ही, मग परत तुमचा चेहरा. जोडलं की झालं.

कौसल्याबाई मटकन बाकावर बसल्या. कोणी फसवलं नव्हतं, आणि तरी त्या फसल्या होत्या. लक्ष्मीशी त्यांचं काही भांडण नव्हतं. इंदुताईंच्या घरी दिवाळीला जाऊन त्या आनंदाने पणत्यांत तेल घालून देत. ज्याचं त्याच्यापाशी. पण ही वंदना त्यांची स्वतःची होती. मनापासून म्हटलेली होती, आणि ती उचलून भलत्याच ठिकाणी नेऊन ठेवणार होते. आणि ते बाबा पाहणार होते. आयुष्यभरात बाबांनी लेकीकडे एकच मागणं मागितलं होतं, आणि तेच मोडताना तिला अख्ख्या देशासोबत बसून बघणार होते.

त्या उठल्या आणि सरळ साहेबापुढे जाऊन उभ्या राहिल्या. चारुशीला भाषांतराला धावली. साहेबाला आधी काही कळेना. कळलं तेव्हा तो म्हणाला, माताजी, तुमच्या मनात काय होतं हे कोणाला दिसणार आहे? लोक तेच पाहतील जे आम्ही दाखवू.

"हेच तं मी म्हनून राहिली, साहेब," कौसल्याबाई म्हणाल्या. "मनातलं कोनाले दिसत नाही. माह्या बापालेही नाही दिसनार."

साहेब चिडला. फिल्म महाग आहे, उद्याचा शेवटचा दिवस आहे, परवाची तिकिटं आहेत, आणि हे नुसतं नाटक आहे. माणूस वाईट नव्हता, पण चार दिवस उन्हात उकडून निघालेला होता. कौसल्याबाई ऐकत उभ्या राहिल्या, हलल्या नाहीत. शेवटी तो थकून म्हणाला, ठीक आहे, तुम्हीच सांगा. परक्या गावातली सात हरवलेली पोरं सणाच्या दिवशी तुमच्या दारात आली, तर तुम्ही पूजा नाही करणार, मग काय करणार?

विचार करायची वेळच आली नाही. "हजेरी घेईन," त्या म्हणाल्या. "पोरं हरपले असले तं पयले मोजाचं, साहेब. सगळे हायेत का नाही ते पाहाचं. बाकीचं मंग."

साहेबाने चारुशीलेकडे पाहिलं. चारुशीला म्हणाली, उद्या सकाळी अर्धा तास काढता येईल.

शेवटच्या सकाळी पोरांना बाकांवर बसवलं. इंदुताईंनी स्वतः कपाट उघडून एक जुनं हजेरीपुस्तक काढून दिलं, आणि त्यात चारुशीलेने नौवीं फ च्या सातही पोरांची नावं लिहिली. वाचायला कौसल्याबाईंना येत होतं, रात्रीच्या वर्गात चौथीपर्यंत शिकल्या होत्या. मास्तरांचं ते टेबल चोवीस वर्षं त्यांनी रोज पुसलं होतं. त्याच्यामागे उभं राहायची ही पहिलीच वेळ होती.

कॅमेरा सुरू झाला. त्यांनी एकेक नाव घेतलं, एकेक पोरगं उठून 'हाजिर' म्हणालं आणि बसलं. सात नावं संपली. साहेब अजून कट म्हणाला नव्हता. पुस्तकात सातव्या नावाखाली रिकामी ओळ होती. कौसल्याबाईंनी तिच्यावर बोट ठेवलं आणि मोठ्याने म्हणाल्या, "रामाजी पैकूजी खोब्रागडे."

बाबा लहानपणी कन्हानजवळच्या एका खेड्यात दोन वर्षं शाळेत गेले होते. गेले म्हणजे शाळेच्या ओसरीपर्यंत. त्यांच्या वस्तीतल्या पोरांना आत बसायची बंदी होती. आतल्या पोरांची हजेरी मास्तर नावं घेऊन लावी. ओसरीवरच्यांसाठी एका पोराला बाहेर पाठवी, किती आलेत ते बघून ये म्हणून. पोरगा मोजून येऊन सांगे, तीन. मास्तर तीन लिहून घेई. दोन वर्षांत रामाजीचं नाव त्या शाळेत कोणी एकदाही उच्चारलं नाही. बाबा ही गोष्ट हसत हसत सांगत, आणि त्यांचं ते हसणं कौसल्याबाईंना लहानपणापासून कधीच सहन झालं नव्हतं.

पोरं एकमेकांकडे पाहू लागली. हे नाव कोणाच्याच पाठांतरात नव्हतं. पुढच्या बाकावरची एक पोरगी, वेण्या घातलेली, लाल स्वेटरमध्ये घामाने निथळलेली, न राहवून म्हणाली, "ये कौन है?"

"बाहर बैठता है," कौसल्याबाई म्हणाल्या.

"तो अंदर बुलाओ ना," पोरगी म्हणाली. "बाहर तो कितनी ठंड है."

बाहेर त्या वेळी लू वाहत होती, आणि तरी खोलीत कोणाला हसू आलं नाही. साहेबाला कट म्हणायचं जरा उशिराच सुचलं.

निरोपाच्या वेळी कौसल्याबाईंनी त्याला विचारलं, कोणतं घालणार, हात जोडलेलं की हजेरी. तो खोटं बोलला नाही. म्हणाला, ठाऊक नाही. मुंबईत कापताना ठरेल, आणि माझ्यावरही माणसं आहेत. चारुशीलेने पत्र लिहीन म्हणून सांगितलं, आणि ऑगस्टमध्ये तिचं एक कार्डही आलं. त्यात प्रकृतीची चौकशी होती, आणि सिनेमाचं अजून काही पक्कं नाही एवढंच होतं.

पुढचे ते महिने कौसल्याबाईंना फार जड गेले. त्यांनी कोणाला काही सांगितलं नव्हतं. वस्तीत त्यांचा तोरा वाढला होता, पोरं त्यांना हिरोईन म्हणून हाका मारत, आणि त्या नेहमीसारख्या खेकसत. पण दसऱ्याला दीक्षाभूमीवर लांबलांबून माणसं आली, बाबा आणि त्या दरवर्षीसारखे रस्त्यावर पाणी द्यायला उभे राहिले, आणि दर 'जयभीम'ला हात जोडताना कौसल्याबाईंना आपलेच हात परके वाटू लागले. बाबांना सांगून टाकावं असं रोज वाटायचं. रोज वाटायचं, उद्या सांगू.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी टीव्हीवर सिनेमाची झलक दाखवली. गाडी सुटली, टोपली सांडली, रंगवलेल्या मोसंब्या फलाटभर घरंगळल्या, आणि मग कौसल्याबाईंचा चेहरा. डोळे मिटलेले, हात जोडलेले. दोन सेकंद. सभागृहात शिट्ट्या वाजल्या. मग हळूहळू कुजबुज सुरू झाली. मंडळाचे सेक्रेटरी चंपतराव दारात चपला घालता घालता म्हणाले, की दिवाळीचा सिनेमा आहे तर समोर लक्ष्मीच असणार, दुसरं कोण. संध्याकाळपर्यंत ते बाबांच्या कानावर गेलं.

बाबांनी काही विचारलं नाही. दोन दिवस ते खाली मान घालून जेवले आणि उठले. ते कौसल्याबाईंना शिव्यांपेक्षा जास्त लागलं. तिसऱ्या दिवशी त्या बाबांच्या पुढ्यात बसल्या आणि कोरी भिंत, तसबीर, टोपीवाले साहेब, सगळं सांगून मोकळ्या झाल्या. हजेरी घेतली तेही सांगितलं. त्या हजेरीत शेवटचं नाव कोणतं होतं, ते मात्र सांगायला त्यांची जीभ रेटली नाही.

बाबांनी एवढंच विचारलं, "डोये मिटले तवा मनात कोन होतं?"

"बुद्ध होते, बाबा."

"मंग झालं. मले समजलं."

पण लोकांना कसं समजणार, असं म्हणून कौसल्याबाईंनी सिनेमाला जायलाच नको असं सुचवलं. बाबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "जाऊ. पयल्या रांगेत बसू," ते म्हणाले. "जे दिसन ते सगळ्याईसंग पाहू. लपून बसाले मी काई नदीवर गेलो नव्हतो."

सिनेमा पाडव्याला दुपारी चारला होता. सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती, खिडक्यांतही माणसं. सीताबर्डीहून इंदुताई रिक्षा करून आल्या होत्या आणि बायकांत सतरंजीवर बसल्या होत्या. बाबा पहिल्या रांगेत, चंपतरावांच्या शेजारी. कौसल्याबाई आपल्या नेहमीच्या जागी बसल्या नाहीत. त्या बाबांच्या बरोबर मागे, शोभाताईंना चिकटून बसल्या.

लोक मनसोक्त हसले. मोसंब्यांना तर ओळखून हसले, कारण त्या हमालाची गोष्ट एव्हाना सगळ्या नागपूरला ठाऊक होती. मग दार उघडलं, कंदील दिसला, कौसल्याबाई दिसल्या, आणि टाळ्यांनी छत दणाणलं. स्वतः कौसल्याबाईंचं तिकडे ध्यान नव्हतं. टेबल दिसलं, पुस्तक उघडलं, तेव्हा त्यांनी शोभाताईंचा हात घट्ट धरला. म्हणजे हजेरी ठेवली होती. पण म्हणून पूजा काढली असं थोडंच आहे? ती पुढे असेल.

सात नावं झाली. आणि टीव्हीतल्या कौसल्याबाई म्हणाल्या, "रामाजी पैकूजी खोब्रागडे."

बाबा उठून उभे राहिले. झटकन नाही, गुडघे तसे राहिले नव्हते. चंपतरावांच्या खांद्यावर हात टेकून, हळूहळू, पण पूर्ण उभे राहिले आणि दोन्ही हात अंगाला चिकटवून ताठ झाले. मागच्यांना काय झालं कळेना. दिसून नाही राहिलं, बाबा, खाली बसा गा, असे आवाज आले. टीव्हीतून पोरगी विचारत होती, ये कौन है. बाहर बैठता है. तो अंदर बुलाओ ना. ओरडणारे एकेक करून गप्प होत गेले. ज्यांना कळलं त्यांनी शेजाऱ्याला कोपराने ढोसलं. चंपतराव मान वर करून बाबांकडे पाहत राहिले आणि त्यांनी आपला खांदा तिथून हलवला नाही.

आता सहा महिने जिची धास्ती घेतली ती घडी आली, आणि कौसल्याबाईंना समोर बाबांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या पाठीशिवाय काहीच दिसत नव्हतं. सिनेमातल्या संगीताचा सूर बदलला. त्यांनी शोभाताईंना विचारलं, हात आले काय.

"आले वं," शोभाताई म्हणाल्या. त्यांना टीव्ही दिसत होता, पण डोळे भरून आल्यामुळे धड दिसत नव्हता.

"आन् समोर? समोर कोन दाखवलं?"

शोभाताईंनी पदराने डोळे पुसले, मान वाकडी करून नीट पाहिलं. "पोरं दाखवले. बाकावर झोपलेले पोरं. सातही."

कौसल्याबाईंचा श्वास मोकळा झाला. टोपीवाल्या साहेबाने त्यांची वंदना जिथे द्यायची तिथे दिली होती. त्या रडत होत्या आणि त्यांना ते लपवायचंही नव्हतं. पडद्यावर सकाळ झाली असावी, मास्तर धापा टाकत आले असावेत, कारण लोक पुन्हा हसू लागले होते. बाबा मात्र तसेच उभे होते. बसा म्हणून कोणी म्हणेना. शेवटी त्यांनीच मान वळवली आणि मागे बसलेल्या लेकीकडे पाहिलं. आवाज अगदी बारीक होता.

"बसू काय, बाई?"

कौसल्याबाईंनी पाठ ताठ केली. शाळेत पोरांशी बोलत त्याच करड्या आवाजात त्या म्हणाल्या, "बसा." तेव्हा कुठे बाबा खाली बसले.